लाईटने रक्ताचे बियाणे जळते का?

करवीर तालुक्यातील नदीकाठच्या एका गावातून, ऊसशेती करणाऱ्या एका वाचकाचे पत्र आले आहे. पत्र मोठे असल्याने त्यातील आवश्यक तेवढाच भाग येथे देत आहे.

"माझी आई ५४ वर्षांची असून तिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आहे. कोल्हापुरात उपचार चालू आहेत. ओटीपोटाच्या भागाला पंचवीस लाईट (किरणोपचाराच्या बैठका) द्यायचे ठरले आहे, त्यांपैकी सोळा झाले. दर आठवड्याला केमोचे एक सलाईनही असते. सुरुवातीला तिच्या पांढऱ्या पेशी ७,२०० होत्या, त्या आता २,१०० वर आल्या आहेत. प्लेटलेट २,४०,००० वरून ९२,००० आणि हिमोग्लोबिन ११.२ वरून ९.६ झाले आहे. डॉक्टरांनी या आठवड्याची केमो थांबवली, पण लाईट चालूच ठेवले. मावशी म्हणते, लाईटने हाडांतला मगज जळाला, आता रक्त कधीच तयार होणार नाही, हे बंद करा. माझा धाकटा भाऊ स्वतःची मज्जा द्यायला तयार आहे. एका पाहुण्यांनी 'स्टेम सेल'चे थेंब आणून दिले आहेत, त्यांना महिन्याला सहा हजार रुपये पडतात. किरणांनी मेलेल्या पेशी पुन्हा येतात का, येतात तर कुठून, हे आम्हाला कोणी नीट सांगितलेले नाही. शिवाय माझ्या चार वर्षांच्या मुलीला आजीजवळ बसू द्यावे की नाही, यावरून घरात रोज वाद होतो."

स. न. वि. वि.

तुमच्या घरातील वाद मिटावेत म्हणून निष्कर्ष आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. लाईट बंद करू नका. भावाची मज्जा लागणार नाही. थेंब आजच बंद करा आणि ते कोणते होते हे डॉक्टरांना सांगा. मुलीला आजीच्या मांडीवर खुशाल बसू द्या. मावशींची काळजी मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग खरा आहे. लाईट ज्या हाडांवर पडतो, त्या हाडांतली मज्जा खरोखरच मरते. आईचे रक्त पुन्हा तयार होणार की नाही, हे मात्र तेवढ्या हाडांवर ठरत नाही.

तुम्ही ऊस करता, तेव्हा खोडव्याचा विचार करा. तोड झाल्यावर शेतात वर काहीच उरत नाही, पण बुडख्याच्या जमिनीखालच्या कांड्यांवर डोळे शाबूत असतात आणि त्यांतूनच पुढचे पीक फुटते. रक्ताचेही असेच आहे. रिपोर्टमध्ये जे आकडे येतात, ते शेतात उभ्या असलेल्या उसाचे आहेत. जमिनीखालच्या डोळ्यांचे नाहीत. रक्ताच्या मूळ पेशी, ज्यांना वैद्यकीय भाषेत रक्तजनक स्टेम सेल म्हणतात, त्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीच्या, कोणत्याही रकान्यात दिसत नाहीत. म्हणून पांढऱ्या पेशी सात हजारांवरून दोन हजारांवर आल्या, याचा अर्थ मूळ पेशीही त्याच प्रमाणात संपल्या, असा होत नाही.

या मूळ पेशी राहतात कुठे, हे आधी पाहू. आपल्या कोल्हापुरात मटणाच्या ताटातली नळी ठोकून जे चाखतात, ते बहुतांशी चरबीने भरलेली पिवळी मज्जा असते. माणसाच्याही हातापायांच्या लांब हाडांत प्रौढ वयात अशीच पिवळी मज्जा उरते आणि रक्त तयार करणारी लाल मज्जा मुख्यतः कंबरेची हाडे, मणके, छातीचे मधले हाड, बरगड्या, कवटी आणि मांडी व दंडाच्या हाडांची वरची टोके एवढ्यांतच राहते. दुर्दैवाने यांतला फार मोठा वाटा, साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास, ओटीपोटाभोवतीच्या हाडांत आणि त्यांना लागून असलेल्या मणक्यांत असतो. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी लाईट नेमका याच भागाला द्यावा लागतो, म्हणून स्तनाला किंवा मानेला लाईट घेणाऱ्या रुग्णांपेक्षा तुमच्या आईसारख्या रुग्णांचे आकडे अधिक घसरतात. त्यात केमोची भर पडते. या आजारात लाईटसोबत आठवड्याला दिले जाणारे औषध बहुधा सिस्प्लॅटिन असते आणि ते रक्तातून साऱ्या शरीरात फिरत असल्याने लाईटच्या बाहेरच्या मज्जेलाही थोडे दडपते. डॉक्टरांनी केमो थांबवून लाईट चालू ठेवला, यामागे हाच विचार आहे: बाहेरची हाडे जेवढी मोकळी राहतील, तेवढे चांगले.

आता आकडे कोणत्या क्रमाने पडतात ते पाहा, कारण त्या क्रमातच बरीचशी उत्तरे आहेत. रक्तातील जिवाणूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, रक्तात एखादा दिवसही धड टिकत नाहीत. प्लेटलेट सात ते दहा दिवस जगतात. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. कारखान्याचे गाळप मंदावले की ज्या मालाचा साठा रोज संपतो, तो माल आधी तुटतो आणि ज्याचा साठा चार महिन्यांचा असतो, तो सावकाश कमी होतो. म्हणून पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट आधी घसरल्या, हिमोग्लोबिन मागून आणि कमी प्रमाणात घसरले. हिमोग्लोबिन कमी होण्यात गाठीतून होणाऱ्या रक्तस्रावाचाही वाटा असू शकतो, तेव्हा त्याचे सगळे खापर लाईटवर फोडू नये.

क्ष-किरण किंवा कोबाल्टमधून निघणारे गॅमा किरण पेशीच्या केंद्रकातील डीएनएचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तोडतात, हा त्यांचा खरा घाव असतो. असा तुटलेला डीएनए घेऊन पेशी काही काळ जगू शकते, पण विभागायला गेली की मरते. त्यामुळे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर किरणांचा मार सर्वांत जास्त बसतो आणि मज्जेतल्या मधल्या फळीच्या पेशी, ज्या मूळ पेशींपासून निघून दिवसरात्र विभागत तयार रक्तपेशी बनवतात, त्या पहिल्या तडाख्यात जातात. निरोगी प्रौढ माणसाच्या मज्जेत रोज सुमारे दोनशे अब्ज नव्या तांबड्या पेशी बनतात, यावरून या मधल्या फळीवर किती काम असते याचा अंदाज येईल. याला एक अपवाद आहे. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी विभागायची वाटही न पाहता किरणांनी काही तासांतच मरतात. त्या इतक्या नेमाने मरतात की किरणोत्सर्गाच्या अपघातात पहिल्या दोन दिवसांत त्यांची संख्या किती वेगाने पडते, यावरून माणसाला किती मात्रा बसली याचा अंदाज डॉक्टर बांधतात.

तांबड्या पेशीला केंद्रकच नसते, त्यामुळे तिला किरणांचे फारसे सोयरसुतक नसते. रक्तपेढीत काही रुग्णांसाठी रक्ताच्या पिशवीलाच २५ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचे एकक) एवढी मात्रा देतात, तेव्हा त्यातील दात्याच्या लिम्फोसाइट निकामी होतात आणि तांबड्या पेशी कामाच्या राहतात. हे विषयांतर वाटेल, पण तुमच्या घरी त्याचा उपयोग आहे. आईला रक्त द्यायची वेळ आली, तर 'पोटच्या पोराचे रक्त सगळ्यांत चांगले' असे कोणीतरी म्हणेलच. जवळच्या नातेवाइकाचे रक्त किरण दिल्याशिवाय चढवले, तर दात्याच्या लिम्फोसाइट रुग्णाच्या शरीरात तग धरून त्याच्यावरच उलटण्याचा धोका असतो. तो विरळा असला तरी जीवघेणा आहे. तुम्ही दोघे भाऊ रक्तदान अवश्य करा, पण ते पेढीत जमा होऊ द्या आणि आईला दुसऱ्या दात्याची जुळणारी पिशवी मिळू द्या.

आता मूळ पेशींकडे येतो. त्या फार थोड्या असतात. माणसात रक्तनिर्मितीला खरोखर हातभार लावणाऱ्या मूळ पेशींची संख्या पन्नास हजार ते दोन लाखांच्या दरम्यान असावी, असा अंदाज आहे, आणि मज्जेतल्या अब्जावधी पेशींच्या गर्दीत हा आकडा नगण्य आहे. त्यांतल्या बहुतेक झोपलेल्या असतात आणि वर्षभरात जेमतेम एखाद-दुसऱ्या वेळी विभागतात. न विभागणाऱ्या पेशीला तुटलेला डीएनए सांधायला सवड मिळते, म्हणून मधल्या फळीपेक्षा त्या थोड्या अधिक तग धरतात. तरीही त्या अभेद्य नाहीत. उंदरांवरील प्रयोगांतून ढोबळ हिशेब असा निघाला की साधारण दर एक ग्रे मात्रेमागे शंभरातल्या सदतीसच मूळ पेशी उरतात. त्या हिशेबाने चार ग्रे मात्रा बसली तर शंभरातल्या दोन उरतील. सबंध शरीराला एका दमात सुमारे चार ग्रे बसले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसे दोन महिन्यांत दगावतात. मात्र जी वाचतात, त्यांचे सारे रक्त त्या शंभरातल्या दोन पेशींतून पुन्हा उभे राहते. त्या दोन पेशींना कामाला लागायला तीन-चार आठवडे लागतात आणि तेवढे दिवस माणसाला जंतुसंसर्ग व रक्तस्राव यांपासून जपणे, हीच या आजाराची मुख्य चिकित्सा आहे.

तुमच्या आईचा हिशेब याहून अगदी वेगळा आहे आणि मावशींना समजावायचा मुद्दा हाच आहे. तिला दर बैठकीला १.८ ग्रे दिले जात असतील, तर सोळा बैठकींत २८.८ ग्रे झाले. वर सांगितलेल्या 'चार ग्रे'शी तुलना केली, तर हा आकडा भयंकर वाटेल. पण तो सबंध शरीराचा नसून केवळ ओटीपोटाच्या भागाचा आहे. त्या भागातल्या मूळ पेशी जवळपास संपल्या, हे मान्य करू. छातीचे हाड, बरगड्या, वरचे मणके, कवटी आणि दंडाची टोके यांच्यापर्यंत मात्र किरणांचा फक्त शिडकावा पोहोचतो, त्यामुळे त्यांतले बियाणे जागेवर आहे.

थोडेसे बियाणे शाबूत राहिले तरी पुरते, हे पहिल्यांदा १९४९ साली शिकागोत दिसले. लिऑन जेकबसन यांनी उंदरांना मारक ठरेल एवढी मात्रा दिली, पण देताना त्यांची प्लीहा, म्हणजे पानथरी, शिशाच्या आवरणाने झाकली. ते उंदीर जगले. उंदराच्या प्लीहेत रक्त तयार होते, हे लक्षात घेतले पाहिजे. मोठ्या माणसात ते काम प्लीहा करीत नाही. पुढे नुसता मागचा एक पाय झाकूनही उंदीर वाचतात, असे दिसून आले. एका पायातली मज्जा साऱ्या शरीराचे रक्त पुन्हा उभे करू शकत असेल, तर आईजवळ शिल्लक असलेली मज्जा त्या मानाने खूपच मोठी आहे.

या प्रयोगानंतर काही वर्षे शास्त्रज्ञांमध्ये एक वाद चालला आणि तो तुमच्या पाहुण्यांच्या थेंबांसाठी महत्त्वाचा आहे. झाकलेल्या प्लीहेतून एखादा द्रव पाझरतो आणि तो मेलेल्या मज्जेला जागे करतो, असे काहींचे म्हणणे होते. तर तिथल्या जिवंत पेशी रक्तातून जाऊन रिकाम्या हाडांत वस्ती करतात, असे इतरांचे म्हणणे होते. १९५६ साली ओळखता येणाऱ्या गुणसूत्रांची मज्जा किरण दिलेल्या उंदरांत सोडून पाहण्यात आली. नव्याने उभ्या राहिलेल्या मज्जेत दात्याचीच गुणसूत्रे आढळली, म्हणजे रस नव्हे तर पेशीच परत येतात, हे ठरले. पुढे १९६१ साली टोरांटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलॉक यांनी किरण दिलेल्या उंदरांना थोडी मज्जा टोचली आणि त्यांच्या प्लीहेवर उठलेले गाठींसारखे फुगवटे मोजले. एकेक फुगवटा एकेका पेशीपासून वाढलेला असतो, हे त्यांच्या गटाने नंतर दाखवून दिले आणि मूळ पेशी ही केवळ कल्पना न राहता मोजता येणारी वस्तू झाली.

थेंबांच्या बाटलीत काय आहे, हे मी न पाहताही एक गोष्ट सांगू शकतो. जिवंत मूळ पेशी खोलीच्या तापमानाला बाटलीत महिनाभर जगत नाहीत, आणि जगल्या असे धरले तरी तोंडावाटे घेतलेली पेशी जठरात पचून जाते. प्रत्यारोपणातही पेशी शिरेतूनच सोडाव्या लागतात. महिन्याचे सहा हजार रुपये आईच्या अंडी-दुधावर आणि प्रवासावर खर्च झाले, तर तिच्या मज्जेला त्याचा अधिक उपयोग होईल.

शिल्लक पेशी काम कसे सुरू करतात, हा तुमचा मूळ प्रश्न. रक्तपेशी घटल्या की त्याची खबर संप्रेरकांसारख्या रसायनांमार्फत मज्जेपर्यंत पोहोचते. प्लेटलेट घटल्या की यकृतात बनणारे थ्रोम्बोपोएटिन रक्तात साचते, ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन वाढवतात. झोपलेल्या मूळ पेशी जाग्या होऊन विभागू लागतात आणि आधी स्वतःची संख्या भरून काढतात. त्यांपैकी काही नेहमीच रक्तात फिरत असतात आणि योग्य जागा सापडली की तिथे रुजतात. आपण खोडव्यात नांग्या भरतो, म्हणजे रिकाम्या जागी नवी रोपे लावतो, तसेच हे आहे. पण नांगी भरायला जमीन ओलसर लागते. मूळ पेशीला मज्जेतल्या बारीक रक्तवाहिन्यांची भिंत आणि तिला लगटून असलेल्या आधारपेशी लागतात. या पेशी तिला धरून ठेवणारी आणि जगवणारी रसायने स्रवत असतात. किरणांनी त्या रक्तवाहिन्याही विस्कटतात आणि मात्रा मध्यम असेल तर काही आठवड्यांत पुन्हा बांधल्या जातात.

रिकाम्या झालेल्या मज्जेत याच काळात चरबीच्या पेशी भरतात. त्या अडथळा आणतात की मदत करतात, याबद्दल मत बदलत आले आहे. २००९ मध्ये उंदरांतच त्या रक्तनिर्मितीला मागे खेचतात, असे दिसले होते; २०१७ मध्ये मात्र लांब हाडांतल्या चरबीच्या पेशी मूळ पेशींना लागणारा एक पोषक घटक स्रवून त्यांना सावरायला मदत करतात, असे आढळले. मला दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी पटतात. उसाच्या वाळल्या पानांचे, पाचटाचे, जसे असते तसे हे आहे, कुजवले तर खत, नुसते साचू दिले तर अडचण.

ज्या हाडांना तीस-चाळीस ग्रेच्या पुढे मात्रा मिळते, त्यांतली आधाराची चौकटच मोडते आणि तिथे बहुधा कायमची पिवळी मज्जा उरते. त्याहून कमी मात्रा मिळालेल्या भागात काही महिन्यांपासून एक-दोन वर्षांपर्यंत लाल मज्जा पुन्हा शिरू शकते. बाकीच्या कामाचा भार बाहेरची हाडे उचलतात. त्यांची मज्जा अधिक जोमाने काम करू लागते. रिपोर्टमध्ये याचा परिणाम असा दिसेल: लाईट संपल्यावर न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट काही आठवड्यांत सावरतील, हिमोग्लोबिनला आणखी दोन-तीन महिने लागतील आणि लिम्फोसाइट मात्र अनेक महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ, कमीच राहतील. त्यांच्या रकान्यापुढे खुणेचा बाण दिसला म्हणून घाबरू नका.

एकाच रिपोर्टवर हुरळूही नका आणि खचूही नका. सबंध शरीराला किरण बसलेल्या रुग्णांमध्ये दहा-पंधरा दिवसांच्या सुमारास पांढऱ्या पेशी थोड्या वाढतात आणि पुन्हा कोसळतात. जखमी झालेल्या मधल्या फळीतल्या काही पेशी मरण्यापूर्वी चार-दोन वेळा विभागून घेतात, त्याची ती फसवी उसळी असते. खरी वाढ मूळ पेशींकडून येते आणि ती महिन्याभरानंतर दिसते. आईच्या बाबतीत केमो आणि लाईट यांचे चढउतार एकमेकांत मिसळलेले असल्याने आकडे आठवड्यागणिक हलतील. तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करा आणि सगळे आकडे एका वहीत तारखेसह मांडा.

भावाच्या तयारीबद्दल मला आदर आहे, पण दात्याची मज्जा लागते ती रुग्णाची सगळीच मज्जा मेली असेल किंवा उपचारासाठी मुद्दाम मारली असेल तेव्हा. शिवाय मुलाची मज्जा आईशी साधारणतः निम्मीच जुळते आणि न जुळलेल्या मज्जेचे धोके मूळ आजाराइतके मोठे असू शकतात. १९५८ च्या ऑक्टोबरात युगोस्लाव्हियातील विंचा येथे अणुभट्टीच्या अपघातात सहा जणांना किरण बसले. पॅरिसमध्ये जॉर्ज माते यांनी त्यांपैकी पाच जणांना फ्रेंच दात्यांची मज्जा दिली. एक जण दगावला, इतर वाचले. पण दात्यांची मज्जा त्यांच्या शरीरात कायम टिकली नाही, काही काळाने त्यांची स्वतःचीच मज्जा पुन्हा उभी राहिली. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातात १३४ जणांना किरणोत्सर्गाचा तीव्र आजार झाला आणि त्यांपैकी २८ जण पहिल्या काही महिन्यांत गेले. तिथे तेरा जणांना मज्जा दिली होती, पण भाजणे आणि इतर इजा इतक्या गंभीर होत्या की त्यातले बहुतेक वाचले नाहीत. तेव्हापासून घाईने मज्जा द्यायची नाही, स्वतःच्या मूळ पेशी सावरण्याची वाट पाहायची, हा धडा घेतला गेला.

पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने, म्हणजे फिलग्रास्टिम वगैरे, मधल्या फळीला घाईने कामाला लावतात. किरणोत्सर्गाच्या अपघातातील रुग्णांसाठी अमेरिकेने त्यांना २०१५ साली मान्यता दिली. पण लाईट चालू असताना ती सरसकट देत नाहीत, कारण विभागायला लागलेली पेशी किरणांना अधिक सहज बळी पडते. ती द्यायची की नाही हे डॉक्टरांवर सोडा. कोणाच्या सांगण्यावरून दुकानातून आणू नका.

लाईट का थांबवू नये, हे आता थोडक्यात. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात बाहेरचा लाईट आणि त्यानंतर आतून द्यायचा लाईट असा सगळा उपचार आठ आठवड्यांच्या आत पुरा व्हावा, असा नियम आहे. मधे खंड पडला की गाठीतल्या उरलेल्या पेशीही सावरू लागतात आणि आजार आटोक्यात येण्याची शक्यता दर दिवसागणिक कमी होत जाते. तुमचे गाव नदीकाठचे आहे आणि पावसाळा तोंडावर आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठण्याची वाट न पाहता आईची शहरात राहण्याची सोय करा. रस्ता बंद झाल्यामुळे चुकलेल्या पाच बैठका ही पांढऱ्या पेशींच्या आजच्या आकड्यापेक्षा मोठी हानी आहे.

तो आकडा कसा वाचायचा, तेही पाहा. तुम्ही जोडलेल्या रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल ७२ टक्के आहेत. २,१०० च्या ७२ टक्के म्हणजे १,५१२. जंतुसंसर्गाचा धोका या आकड्यावर ठरतो. तो १,००० च्या खाली गेला की जपायचे आणि ५०० च्या खाली गेला की फार जपायचे. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक आला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात जायचे; क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही, कारण गोळीने ताप उतरतो आणि संसर्ग मात्र पसरत राहतो. घरात थर्मामीटर नसेल तर आज आणा. हिरड्यांतून रक्त, अंगावर लाल ठिपके किंवा काळी शौच दिसली तर त्याच दिवशी दाखवा. हिमोग्लोबिन दहाच्या खाली असल्याने रक्त चढवायचे का, हे पुढच्या भेटीत स्वतःहून विचारा.

खाण्याबाबत कोल्हापूरकरांना न आवडणारी एक गोष्ट सांगतो. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचे धारोष्ण दूध कितीही ताकदीचे मानले, तरी आईला ते चालणार नाही. दूध उकळूनच द्या. रसवंतीवरचा बर्फ घातलेला उसाचा रस आणि उघड्यावरची कापलेली फळेही नकोत. मटणाचे गरम अळणी पाणी, उकडलेली अंडी, डाळ, घरचे ताजे जेवण चालेल, तांबडा रस्सा मात्र नको, कारण ओटीपोटाच्या लाईटने आतडी आधीच हुळहुळी झालेली असतात. गूळ-शेंगदाणे हवे तर द्या, पण मज्जेत कच्चा माल कमी नाही, कामगार कमी आहेत, त्यामुळे गुळाने आकडे चढतील अशी अपेक्षा धरू नका. पपईच्या पानांचा रस किरणांमुळे घटलेल्या प्लेटलेटवर उपयोगी पडतो याला आधार नाही आणि त्याने जुलाब वाढू शकतात.

मुलीबद्दल एवढेच सांगतो की यंत्रातून लाईट घेतल्याने आजी किरणोत्सर्गी होत नाही. यंत्र बंद होताच किरण संपतात. पुढे आतून लाईट देतील, तेव्हाही किरणांचा स्रोत बाहेर काढूनच तिला घरी पाठवतात. मुलीला सर्दी-खोकला असेल तेव्हा मात्र तिला आजीपासून चार दिवस लांब ठेवा, आणि ते आजीच्या न्यूट्रोफिलसाठी.

आता मावशींच्या म्हणण्यातल्या खऱ्या अर्ध्या भागाकडे वळतो. आकडे सावरले म्हणजे सारे पूर्वीसारखे झाले, असे नाही. ओटीपोटातल्या मज्जेचा मोठा भाग कायमचा गेलेला असेल, त्यामुळे भविष्यात पुन्हा केमो घ्यायची वेळ आली तर आईचे आकडे इतरांपेक्षा लवकर आणि अधिक घसरतील. खोडव्याचा खोडवा राखला की उतारा कमी पडतो, तसा हा राखीव साठ्याचा प्रश्न आहे. याशिवाय तुटलेला डीएनए घाईने सांधताना मूळ पेशीत एखादी चूक राहून जाऊ शकते आणि त्यातून बऱ्याच वर्षांनी रक्ताचा कर्करोग होण्याची थोडी शक्यता असते. हिरोशिमा-नागासाकीत हे प्रमाण स्फोटानंतर दोन-तीन वर्षांनी वाढू लागले आणि सहा ते आठ वर्षांच्या सुमारास सर्वाधिक झाले. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झालेल्या अनेक देशांतील सुमारे दीड लाख स्त्रियांच्या पाहणीत लाईट घेतलेल्यांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण साधारण दुप्पट आढळले. दुप्पट हा शब्द मोठा वाटतो, पण मूळ प्रमाणच इतके लहान आहे की दुप्पट होऊनही ते विरळाच राहते, आणि आजच्या आजाराच्या धोक्यापुढे ते मोजण्यासारखे नाही. नेमक्या जागी जास्त मात्रा दिल्याने तिथल्या मूळ पेशी बिघडण्याऐवजी सरळ मरतात, हेही त्यामागचे एक कारण मानले जाते.

म्हणून लाईट संपल्यावर रुग्णालयाकडून उपचाराचा सारांश लेखी मागून घ्या: एकूण किती ग्रे, किती बैठका, कोणत्या भागाला, कोणती केमो किती वेळा. तो कागद फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा. वर्षातून किमान एकदा सीबीसी करीत जा. आणखी काही वर्षांनी आईची कंबर दुखली आणि कोणी एमआरआय काढला, तर त्यात कंबरेच्या हाडांत चरबीयुक्त मज्जा दिसते, असे लिहून येईल आणि घरात पुन्हा गोंधळ उडेल. तेव्हा हा सारांश एमआरआय वाचणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवा. ती चरबी आजच्या लाईटची खूण आहे, नवा आजार नव्हे, हे त्यांना त्यावरून कळेल.